पुट्टीचे तीन दिवस

धाकटी एकला येणार होती, ती आली अडीचला. चपलाही न काढता ती सरळ आत आली आणि हातातली कापडी पिशवी तिनं जेवणाच्या टेबलावर आदळली. ताटं हलली, पाण्याचा पेला कलंडला.

"अगं हो, हो! टेबल मोडशील," आई म्हणाली. "काय आणलंस एवढं जड?"

"फूटपट्टी आली," थोरला हसत म्हणाला. लहानपणी दिसेल ती वस्तू मोजत सुटायची म्हणून बहिणीला त्यानं हे नाव ठेवलं होतं. पुढे तिनं खरोखरच मोजमापाचं शिक्षण घेतलं आणि टेम्पो बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणी खात्यात नोकरी धरली. त्या खात्यातली ती पहिली बाई. "बस, जेव आधी. उद्या आपल्या नव्या भट्टीचं बटण दाबायला तुझे मोठे साहेब येणार आहेत. दहाला. तू त्यांच्याबरोबर येणार की आमच्याबरोबर उभी राहणार, ते आत्ताच ठरव."

ती हसली नाही.

सुनेनं सांडलेलं पाणी पुसायला फडकं घेतलं. पुसता पुसता तिचं लक्ष पिशवीच्या तोंडाकडे गेलं. आत ब्रेकचा ड्रम होता. छोट्या टेम्पोला बसतो तो, त्यांच्याच ओतकामाच्या शेडमधला. हे असे हजारो ड्रम तिच्या हाताखालून गेले होते. दोन वर्षांपूर्वी कंपनीला आठवड्याला दोनशे ड्रम लागायचे, आता दिवसाला दोनशे लागत होते. रस्त्यावर टेम्पोच टेम्पो झाले होते आणि शेडमध्ये बत्तीस माणसं. घासकामाला आजूबाजूच्या घरांतल्या दहा बायका आणून बसवायची कल्पना सुनेचीच. त्या बायका तिला 'बाई' म्हणत, आणि ते तिला फार आवडे.

"काका, तुम्ही पण बसा," धाकटी म्हणाली. काका, म्हणजे तिच्या वडिलांचा, मिस्त्रींचा, धाकटा भाऊ, हात धुवायला उठला होता. "सगळे आहेत तोवरच बोलते. नंतर माझा धीर होणार नाही."

टेबलाच्या टोकाला मिस्त्री बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. तीन आठवड्यांपूर्वी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरनं भट्टीच्या उजेडाकडे महिनाभर बघायचं नाही असं बजावलं होतं. तीस वर्षांत माणूस तीन आठवडे शेडमध्ये गेला नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. संपाच्या वर्षी शेडला कुलूप होतं, तेव्हासुद्धा ते रोज जाऊन कुलूप बघून यायचे.

"काय झालं, पोरी?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं ड्रम बाहेर काढून टेबलावर ठेवला. खिशातून किल्ली काढली आणि बोल्टच्या भोकाशेजारी जोरानं खरवडली. काळपट राखाडी चुरा निघाला. आणखी दोनदा खरवडल्यावर खाली बोट जाईल एवढं भोक दिसलं.

सुनेच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं.

*

धाकटीला वाटलं होतं, बोलताना आवाज कापेल. पण कापला नाही. बसमध्ये ड्रम मांडीवर घेऊन बसली होती तेव्हाच सगळी वाक्यं तिनं पाठ केली होती.

"काल शेवटच्या पाळीत हा माझ्या हातून पडला," ती म्हणाली. "ओतीव लोखंड पडलं की कसं वाजतं ते बाबांनी मला शाळेत जायच्या आधी शिकवलंय. हा वाजलाच नाही. थप्प झालं. मग मी त्या रांगेतले चाळीस ठोकून बघितले. एकोणीस तसेच निघाले. आत ब्लोहोल, वाफेनं पडलेली पोकळी, वरून पुट्टी, आणि पुट्टीवर शिसपेन्सिलीची पूड घासलेली. फार सफाईनं केलंय. मीच फसले तर दुसरं कोण ओळखणार?"

"ओतकामात भोकं पडतातच," थोरला म्हणाला. त्याचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "सगळ्या जगात पडतात. सगळेच भरतात."

"पंपाला भरतात, दादा. गटाराच्या झाकणाला भरतात. ब्रेकला नाही भरत."

"त्या जागेवर जोर येत नाही. कडेला आहे ते. तुझ्या पुस्तकात नसेल, पण मी..."

"बोल्टच्या शेजारी आहे ते! तडा तिथूनच जातो. भरलेला टेम्पो घाटात उतरत असताना जातो, आणि तेव्हा तू तिथं नसतोस."

रविवार असल्यामुळे मागची शेड गप्प होती. एरवी या वेळेला सगळं घर हलक्यानं थरथरत असायचं.

"तू कुणाला सांगितलंस?" आईनं हळूच विचारलं.

"कंपनीच्या आवारात जेवढे टेम्पो उभे आहेत, त्यांवर मी काल रात्रीच लाल कार्डं लावली. ते उद्या सुटणार नाहीत. कारण अजून लिहिलेलं नाही. उद्या सकाळी लिहावं लागेल."

"मग झालं की! थांबवलेस ना? आता आपले ड्रम गुपचूप बदलून देऊ. घरातली गोष्ट घरात राहील."

"आई, चार हजार टेम्पो आधीच रस्त्यावर गेलेत." आता मात्र तिचा आवाज थोडा हलला. "सगळे परत बोलवायला महिने जातील. कुठले ते कळलं तर दोन दिवसांत होईल. ड्रमच्या पाठीवर ओतल्याची तारीख असते, आणि कुठल्या तारखेचा ड्रम कुठल्या गाडीला बसला ते कंपनीच्या नोंदीत आहे. मला फक्त तारखा हव्यात. कुठल्या कुठल्या दिवसांचे ड्रम भरले, ते दादानं सांगायचं. म्हणून आलेय."

काका इतका वेळ नखानं टेबलाची कड कोरत होता. तो आता म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते काही खोटं नाही. ज्या भट्टीनं तुला शिकवलं तिच्यावरच पाणी ओतायला निघालीस."

"काका, वाळू ओली होती का?"

काकाचं नख थांबलं.

"तुम्ही भट्टीवर असता. ओल्या वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतला की वाफ कोंडते आणि भोकं पडतात. हे मला तुम्हीच सांगितलंय, मी एवढीशी होते तेव्हा. वाळू ओली होती का?"

काकानं थोरल्याकडे बघितलं. तेवढ्यावरून धाकटीला उत्तर मिळालं. नवी भट्टी विजेची होती. कोळशाच्या भट्टीची ज्वाळा बघून रस झाला की नाही हे सांगणाऱ्या माणसाची तिला गरज नव्हती. तरीही नव्या भट्टीवर काकाला सुपरवायझर नेमायचं, टेबल-खुर्ची द्यायची, असं दोन आठवड्यांपूर्वीच ठरलं होतं. तेव्हा धाकटीला वाटलं होतं, दादाचं काळीज मोठं आहे. आता ती खुर्ची कशासाठी होती ते कळलं.

"मी म्हटलं होतं याला," काका शेवटी पुटपुटला. "एकदा म्हटलं होतं."

"एकदाच?" मिस्त्री म्हणाले.

*

मिस्त्रींना समोरचं सगळं धुरकट दिसत होतं. माणसं आकारावरून कळत होती. पांढरा आकार बायकोचा. खिडकीकडे पाठ करून उभा असलेला उंच आकार सुनेचा. त्यांनी हात पुढे केला.

"इकडे दे."

धाकटीनं ड्रम त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी दोन्ही तळवे त्यावर ठेवले, आणि अंगठा कडेनं हळूहळू फिरवत नेला. लोखंड गार असतं. पुट्टी तेवढी गार नसते. हे डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला कळतं. अंगठा एके ठिकाणी थांबला, पुढे गेला, पुन्हा थांबला. किल्लीनं न खरवडलेल्या आणखी तीन जागा त्यांना सापडल्या.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "भरणाऱ्याचा हात हलका आहे."

सुनेनं मान खाली घातली.

"बाबा, माझं जरा ऐकून घ्या," थोरला म्हणाला. तो उभा राहिला होता. "तुम्ही दवाखान्यात होता. कंपनीचा माणूस शेडमध्ये येऊन माझ्या तोंडावर सांगून गेला, दिवसाला दोनशे देता की नदीपलीकडच्या नव्या कारखान्याला देऊ? त्यांच्याकडे वाळू सुकवायचं यंत्र आहे. आपल्याकडे काय आहे? ऊन! मधे मधे ऊनच पडलं नाही. मी काय करायचं होतं? बत्तीस माणसांना घरी बसवायचं? शेजारच्या शेडचं काय झालं बघितलंत ना? एक महिना माल कमी दिला, आज तिथं लग्नाचे मांडव ठेवतात. नवी भट्टी आणि तिच्याबरोबर वाळू सुकवायचं यंत्र आलं की हे सगळं संपणार होतं. फक्त दिवस ढकलायचे होते. ढकलले."

"खरंय त्याचं," आई म्हणाली. "त्यानं काय स्वतःसाठी केलं? आणि तू गं, तुझी नोकरी राहील का? भावाचा माल, बहीण तपासणार! ते म्हणतील दोघं मिळालेले होते. हे सगळं अंगाशी येईल तुझ्याच."

"येईल, माहीत आहे मला."

"मग आपणच आपल्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा?"

मिस्त्रींनी हात वर केला, तशी दोघी थांबल्या. हात अजून लोखंडासारखाच होता.

"एकच विचारतो," ते थोरल्याला म्हणाले. "आपला माल नेतो तो टेम्पो. मागच्या आठवड्यात त्याचे ड्रम बदललेस. सून मला सांगत होती. बरोबर?"

"हो."

"आपल्याच शेडचे बसवलेस?"

"हो."

"कुठल्या तारखेचे?"

भिंतीवरच्या पंख्याची पाती फिरत राहिली. आईनं पदराचं टोक ओठांवर धरलं. काका खुर्ची मागे सरकवून उठला, खिडकीपाशी गेला, आणि मग तिथं काय करायचं ते न कळून परत येऊन बसला.

"मागच्या महिन्याचे," थोरला म्हणाला. "वेगळे काढून ठेवले होते."

"म्हणजे तिथं जोर येतो हे तुला माहीत होतं."

*

या वाक्यानंतर सगळं संपायला हवं होतं, पण तसं झालं नाही. थोरला इरेला पेटला. तारखा आठवत नाहीत म्हणाला. कामाच्या रगाड्यात कोण तारखा लक्षात ठेवतं? लाल कार्डं लावलीस ना, मग लिही काय लिहायचं ते, माझ्या तोंडून काही निघणार नाही. नाव माझं आहे शेडवर, तुरुंगात मी जाईन, तू नाही जाणार. आई रडायला लागली. मागच्या खोलीतून त्याच्या दोन मुली डोकावल्या, आणि सुनेनं त्यांना हातानंच आत जा म्हणून खुणावलं.

मग ती बोलली. इतक्या खालच्या आवाजात की पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"आठ," ती म्हणाली. "नऊ. आणि सोळा."

"तू गप्प बस," थोरला म्हणाला.

"आठ तारखेचे आम्ही नऊला भरले. त्या दिवशी वीज गेली होती, म्हणून बायकांना दारात उजेडाला बसवलं होतं. नऊचे दहाला, आणि सोळाचे सतराला. तारीख पाठीवरच असते. घासताना बोटाखाली येते, रोज वाचते मी." ती धाकटीकडे वळली. "ताई, मला यांनी सांगितलं, हे दिसण्यासाठी आहे. कंपनीला गुळगुळीत माल लागतो म्हणाले. मी बायकांना शिकवलं. पूड कशी घासायची, ती माझीच युक्ती. मी त्यांना म्हटलं, असं करा की साहेबालासुद्धा कळलं नाही पाहिजे. आम्ही सगळ्या हसलो होतो तेव्हा."

"वहिनी, तुला माहीत नव्हतं."

"विचारलं पण नव्हतं ना मी." तिनं नवऱ्याकडे बघितलं. "माझ्या बाबांचा टेम्पो आहे. याच कंपनीचा. या महिन्यात घेतलाय. तुम्हीच ओळखीनं लवकर काढून दिलात. तेव्हा तरी सांगायचंत."

थोरला खुर्चीत बसला. सासऱ्याच्या टेम्पोचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं आलं.

मिस्त्री उठले. भिंतीवरच्या खुंटीचा अंदाज घेऊन त्यांनी हातानं सदरा काढला.

"पोरी, चल. आजही तिकडे कुणीतरी साहेब असेलच."

"रविवारी एक ड्यूटी ऑफिसर असतो. पण बाबा, तुम्ही कशाला? मी तारखा देते."

"माल माझ्या शेडचा आहे. तू दिल्यास तर ती चहाडी. मी दिल्या की ते सांगणं." सदऱ्याची बटणं त्यांनी चुकीच्या काजांत घातली होती. आईनं रडता रडता पुढे होऊन ती नीट लावून दिली. मग बाप-लेक निघून गेले. धाकटीनं त्यांचा दंड धरला होता. ड्रमची पिशवी मिस्त्रींनी दुसऱ्या हातात घेतली, तिला दिली नाही.

*

ते गेल्यावर सुनेनं टेबल आवरलं. कुणी धड जेवलं नव्हतं. काका न सांगताच घरी गेला. थोरला बसून राहिला.

आठ, नऊ, सोळा. त्यानं मनातल्या मनात तिन्ही तारखा पुन्हा म्हटल्या. तीन दिवसांचे सहाशे. कंपनी ते परत बोलवेल, दंड करेल, कदाचित ऑर्डर काढून घेईल. कदाचित नाहीही घेणार. म्हाताऱ्यानं स्वतः येऊन सांगितलं म्हटल्यावर एखाद्या साहेबाचं मन द्रवेलही.

फक्त तीन तारखा पुरेशा नव्हत्या.

वीस तारखेला शनिवार होता. त्या दिवशीचा माल सगळ्यांत वाईट निघाला होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, बायकांना सुट्टी होती आणि सोमवारी सकाळी गाडी भरायची होती. तेव्हा सकाळपासून अंधार पडेपर्यंत तो एकटाच शेडमध्ये बसला होता. एकशे सत्तर ड्रम त्यानं स्वतःच्या बोटानं भरले. पुट्टीच्या वासानं डोकं गरगरलं तरी उठला नव्हता. हे कुणालाच माहीत नव्हतं. बायकोला नाही, काकाला नाही. बायकोला वाटलं होतं, नव्या भट्टीचं काम बघतोय.

आता तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. तीन दिवस सापडले, म्हणजे सगळं सापडलं असंच सगळे धरून चालणार.

"झालं ना आता," आई त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "तीन दिवसांचा तर माल. निस्तरेल सगळं. तू जेव बघू दोन घास."

त्यानं घास घेतला. चावला. बाकीचं ताट बाजूला सारलं.

आतल्या खोलीत बायको फोनवर बोलत होती. "बाबा, टेम्पो बाहेर काढू नका. नाही, उद्यापण नाही. मी सांगते तोवर नाही... हो. आमच्याकडूनच चूक झाली. हो, माझ्याच हातून." ती क्षणभर थांबली. "गाडी आली त्या दिवशी तुम्ही चाकाची पाठ बघितली होती ना? ड्रमवर तारीख काय होती? आठवतंय? नक्की?... वीस? मग काळजी नाही. वीसचा चांगला आहे, बाबा. चालवा तुम्ही खुशाल."

थोरला उठला. खुर्ची मागे पडली. दारातून आत जाऊन त्यानं बायकोच्या हातातला फोन अक्षरशः ओढून घेतला.

"मामा, मी बोलतोय. गाडीला हात लावू नका. ती काहीही म्हणू दे. किल्ली काढून ठेवा."

मग त्यानं फोन ठेवला. बायको त्याच्याकडे बघत होती. सुरुवातीला नुसतीच बघत होती, मग तिला सगळं समजलं.

"किती?" तिनं विचारलं.

"एकशे सत्तर."

स्कूटरची किल्ली खिळ्याला होती. ती काढून तिनं त्याच्यापुढे धरली.

*

कंपनीच्या गेटशेजारच्या खोलीत एक टेबल होतं आणि भिंतीला लागून एक लाकडी बाक. ड्यूटी ऑफिसर तरुण होता, जेमतेम तिशीचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, भोकात स्वतःचं बोट घालून बघितलं, वर दोन फोन केले. मिस्त्रींना तो 'साहेब' म्हणत होता. त्याच अदबीनं त्यानं सांगितलं की आज रात्रीपासून शेडचा माल बंद. उद्या भट्टीच्या कार्यक्रमाला कुणी येणार नाही. आणि मॅडमनी चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही.

धाकटीनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते बाबा 'बरं' म्हणाले तेव्हा. संपाच्या वर्षी पोलिसांनी शेडला कुलूप घातलं, तेव्हाही ते असंच 'बरं' म्हणाले होते, असं आई सांगायची.

"तारखा सांगा," ऑफिसरनं कागद पुढे ओढला. "मी आत्ताच कळवतो. आज संध्याकाळपर्यंत गाडीवाल्यांना फोन जायला लागतील."

"आठ," मिस्त्री म्हणाले. "नऊ. सोळा."

"तीनच?"

"तीन."

"खात्री आहे ना, साहेब? कारण याच्या बाहेरची एकही गाडी आम्ही थांबवणार नाही."

बाहेर स्कूटरचा आवाज आला. पहारेकरी कुणाला तरी अडवत होता, आणि तो माणूस त्याच्याशी हुज्जत घालत होता. मिस्त्रींनी आवाज ओळखला, पण मान वळवली नाही. दार उघडून थोरला आत आला. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. त्यानं बहिणीकडे बघितलं नाही, बापाकडेही नाही.

"चार आहेत," तो म्हणाला. "वीस तारीख लिहा. वीसचे सगळ्यांत वाईट आहेत, त्यांना आधी फोन करा."

ऑफिसरनं पेन थांबवलं. "तुम्ही कोण?"

"शेड माझ्या नावावर आहे. ते मी भरले. एकट्यानं. बाकी कुणाला माहीत नाही." त्याला धाप लागली होती. "आधीच्या तीन दिवसांचे बायकांनी भरले, पण भरायला मी सांगितलं. त्यांना कळत नव्हतं कशासाठी ते. तसं लिहा. माझ्या बहिणीला पण काही माहीत नव्हतं. तेही लिहा."

ऑफिसर लिहू लागला. थोरला टेबलासमोर उभाच होता, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा. त्याच्या नखांच्या कडेला अजून राखाडी पुट्टी होती. आठवडा झाला तरी ती निघाली नव्हती.

मिस्त्रींनी हातानं बाक चाचपला, भिंतीकडे थोडे सरकले, आणि आपल्या आणि धाकटीच्या मध्ये एका माणसापुरती जागा केली.

"बस," ते म्हणाले. "वेळ लागेल."